दीप आणि इंगित : जीवदीप्तीच्या उपयोगाचा इतिहास

१

प्रकाश देणाऱ्या सजीवांचा मनुष्याने कोणकोणत्या कामी उपयोग करून घेतला, हा विषय सामान्यतः विज्ञानाच्या इतिहासातील एक पोटप्रकरण म्हणून हाताळला जातो. प्रस्तुत लेखात तो शब्दांच्या वाटेने पाहावयाचा आहे. कोणत्याही वस्तूकडे समाज कोणत्या अपेक्षेने पाहतो, हे त्या वस्तूला त्याने दिलेल्या नावांवरून पुष्कळदा कळते. आणि अपेक्षा बदलली की नावेही बदलू लागतात. जीवदीप्तीच्या बाबतीत हा बदल विशेष स्पष्ट आहे.

अमरकोशात काजव्याची दोन नावे शेजारी शेजारी दिली आहेत : खद्योत आणि ज्योतिरिंगण. खद्योत म्हणजे आकाशातील प्रकाश. हे नाव काजव्याला आकाशातील तेजांच्या पंक्तीत बसवते. थोड्या फरकाने होणारा ‘खद्योतन’ हा शब्द तर कोशांत सूर्यवाचक आहे. दुसरे नाव निराळ्या दृष्टीचे आहे. ‘इंग्’ ह्या धातूचा अर्थ हालणे; ज्योतिरिंगण म्हणजे हलती ज्योत. ह्याच धातूपासून ‘इंगित’ हा शब्द झाला. मनातील आशय सूचित करणारी अंगाची हालचाल, म्हणजेच खूण, हा त्याचा अर्थ होय. काजवा खुणा करतो हे प्राचीन कोशकारांना ठाऊक होते, असे ह्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. परंतु एका नावात दीपाची कल्पना आहे आणि दुसऱ्याच्या धातूत इंगिताची, हा योगायोग आपल्या विवेचनास फार सोयीचा आहे.

मराठीच्या व्यवहारात पहिली दृष्टीच प्रबळ ठरली. ‘सूर्यापुढे काजवा’ असे आपण म्हणतो तेव्हा दोघांना एकाच तागडीत घालून काजव्याला हलका ठरवतो. ‘डोळ्यांपुढे काजवे चमकणे’ ह्या प्रयोगात तर प्रकाश असूनही काही दिसत नाही, हेच अभिप्रेत असते. दीप म्हणून तोलले तर काजव्याच्या वाट्याला ही नामुष्की येणारच. जीवदीप्तीचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, तिला दीप मानून केलेले बहुतेक उद्योग फसले किंवा अल्पजीवी ठरले. ती इंगित आहे असे ओळखून केलेले उद्योग मात्र फळास आले. हे प्रतिपादन पुढे क्रमाने मांडावयाचे आहे.

तत्पूर्वी परिभाषेचा खुलासा आवश्यक आहे. सजीवाच्या शरीरात रासायनिक क्रियेने प्रकाश उत्पन्न होतो, तेव्हाच तिला जीवदीप्ती म्हणावे. मांजराचे डोळे अंधारात चमकतात ती जीवदीप्ती नव्हे. तेथे बाहेरचा प्रकाश परावर्तित होत असतो. तसेच एका रंगाचा प्रकाश शोषून घेऊन दुसऱ्या रंगाचा प्रकाश देणे ही प्रतिदीप्ती होय. तिलाही बाहेरचा प्रकाश लागतो. ह्या दोहोंची गल्लत केल्याने आधुनिक काळात बरेच गैरसमज झाले आहेत, हे पुढे दिसेलच.

२

काही बुरशी, माशांची डोकी आणि खवले अंधारात उजळतात, पण ती अग्नी नव्हेत, हे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले. इ. स. ७९ मध्ये मृत्यू पावलेल्या रोमन ग्रंथकार प्लिनीने ‘सागरी फुप्फुस’ ह्या नावाने एका जेलीफिशचे वर्णन केले आहे. ती काठीवर चोळली असता काठी मशालीसारखी वाट दाखवते, असे तो म्हणतो. जिवंत प्रकाशाला साधन म्हणून हाती घेण्याचा हा फार जुना उल्लेख होय. आपल्याकडे कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात हिमालयातील ओषधी रात्री गुहांमध्ये तेलावाचून जळणारे दिवे होतात, अशी कल्पना आहे. त्या ओषधी कोणत्या, हा प्रश्न येथे गौण आहे. ध्यानात घ्यावयाचे ते इतकेच की कवीलाही तेथे दिवाच दिसला.

चीनमध्ये चौथ्या शतकातील चे यिन ह्या विद्वानाची कथा प्रसिद्ध आहे. तेलाला पैसे नसल्यामुळे तो उन्हाळ्यात काजवे पिशवीत भरून त्यांच्या उजेडात वाचीत असे. तशाच दुसऱ्या एका गरीब विद्यार्थ्याने बर्फावरून परावर्तित झालेल्या उजेडात अध्ययन केले. ह्या दोन कथांवरून ‘काजवे आणि बर्फ’ हा जोडशब्द कष्टाच्या विद्याभ्यासाचा वाचक झाला आणि तो जपानी भाषेतही रुजला. ‘काजव्यांचा प्रकाश’ ह्या अर्थाच्या शीर्षकाचे गीत तेथील शालेय गीतसंग्रहात १८८१ मध्ये आले व पदवीदानप्रसंगी गायिले जाऊ लागले. परंतु कथा सुंदर असली तरी दिवा खरा होता काय? चीनचा सम्राट कांग्-शी (कारकीर्द १६६१–१७२२) ह्याने शंभरेक काजवे मोठ्या पिशवीत घालून पाहिले, तेव्हा त्यास अक्षरे ओळखता आली नाहीत, असे त्याच्या उपदेशवचनांत नमूद आहे. शब्द टिकला, दिवा टिकला नाही.

दीपाची आस मात्र सुटली नाही. स्पॅनिश लोक कॅरिबियन बेटांवर पोहोचले तेव्हा तेथील मूळचे रहिवासी ‘कुकुयो’ नावाचे प्रकाशमान भुंगेरे अंगास बांधून रात्री वाट काढीत, असे तत्कालीन वृत्तांतकारांनी लिहिले आहे. इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत ज्वालाग्राही वायूच्या भयाने उघडा दिवा नेणे धोक्याचे होते. तेथे वाळवलेल्या मासळीच्या कातड्यांच्या अंधुक उजेडात काम केल्याचे उल्लेख मिळतात. १८१५ मध्ये हंफ्री डेव्हीने सुरक्षित दिवा सिद्ध केल्यावर अशा उपायांची गरज उरली नाही.

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील उदाहरण अधिक बोलके आहे. डेव्हिड बुशनेल ह्याने १७७५ मध्ये ‘टर्टल’ नावाची एका माणसाने चालवावयाची पाणबुडी बांधली. आत मेणबत्ती लावली तर श्वासापुरती हवा संपून जाईल. म्हणून होकायंत्र व खोली दाखविणारे उपकरण ह्यांवर त्याने प्रकाशमान बुरशी लागलेल्या कुजक्या लाकडाचे तुकडे बसवले. पण थंडी पडली की लाकडाचा उजेड मावळे. तेव्हा दुसरा काही उपाय आहे काय, अशी विचारणा बेंजामिन फ्रँक्लिनपर्यंत गेली. येथे बुरशीकडून खोली उजळण्याची अपेक्षा नव्हती. अंधारात काटा कोठे आहे एवढेच तिने दाखवावयाचे होते. दीपाच्या इतिहासातील हा प्रयत्न थोडातरी जमला तो ह्यामुळेच, असे म्हणता येईल.

दीपपक्षाचा सर्वांत मोठा समारंभ १९०० च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनात झाला. लियाँचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ ह्यांनी मोठमोठ्या काचपात्रांत प्रकाशमान जीवाणू वाढवून त्यांनी एक दालन उजळले, आणि त्या उजेडात प्रेक्षकांना वाचता आले. ह्याच सुमारास ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मॉलिश ह्यांनीही जीवाणूंचा दिवा तयार करून त्याच्या प्रकाशात छायाचित्रे घेतली. पण जीवाणूंना अन्न हवे, प्राणवायू हवा, योग्य तपमान हवे. आणि विजेचा दिवा तोपर्यंत घरोघर शिरू लागला होता. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी ‘उमि-होतारु’ नावाचे बारीक कवचधारी प्राणी गोळा करून वाळवण्यात आले. त्यांची पूड ओली केली की निळसर प्रकाश देते, आणि तेवढ्या उजेडात शत्रूच्या नजरेस न पडता नकाशा पाहता यावा, ही योजना होती. उमि-होतारु म्हणजे समुद्रातील काजवा. ह्या नावाचा प्राणी युद्धानंतर एका निराळ्याच शोधाचे निमित्त ठरला.

३

ज्ञानाच्या बाजूने पाहता वळण फार पूर्वीच सुरू झाले होते. १६६७ मध्ये रॉबर्ट बॉइल ह्याने प्रकाशमान लाकूड व मासळी काचपात्रात ठेवून वायुपंपाने आतील हवा काढली. प्रकाश मंदावला, हवा पुन्हा आत सोडताच परतला. प्राणवायूचा शोध लागण्यास अद्यापि शंभराहून अधिक वर्षे अवकाश होता. बॉइलला दिवा करावयाचा नव्हता. त्याने प्रकाशाला प्रश्न विचारला आणि प्रकाशाने विझून व पेटून त्याचे उत्तर दिले. जीवदीप्ती इंगित म्हणून वापरली गेली ती येथे, यद्यपि त्या काळी कोणी तसे म्हटले नाही.

द्युबुआ ह्यांचे खरे थोरपण पॅरिसच्या दालनात नाही. ते १८८५ आणि १८८७ च्या प्रयोगांत आहे. प्रकाशमान प्राण्याचा थंड पाण्यातील अर्क काही वेळ उजळून विझतो. गरम पाण्यातील अर्क उजळतच नाही. परंतु विझलेला थंड अर्क आणि निवालेला गरम अर्क एकत्र केले की प्रकाश पुन्हा उमटतो. ह्यावरून दोन द्रव्यांची क्रिया त्यांनी ओळखली. उष्णतेने न बिघडणाऱ्या द्रव्यास त्यांनी ‘ल्युसिफेरिन’ म्हटले आणि ती क्रिया घडविणाऱ्या, उष्णतेने नष्ट होणाऱ्या द्रव्यास ‘ल्युसिफेरेज’. लॅटिन भाषेत ‘ल्युसिफर’ म्हणजे प्रकाशवाहक. पहाटेच्या शुक्राचे ते नाव आहे. म्हणजे शास्त्र दीपाच्या कल्पनेपलीकडे जाऊ लागले असतानाही परिभाषा दिवा वाहणाऱ्याचीच राहिली.

प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडमंड न्यूटन हार्वी ह्यांनी ह्या विषयाला आपले आयुष्य दिले आणि १९५७ मध्ये त्याचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध केला. दरम्यान १९४७ मध्ये विल्यम मॅकेलरॉय ह्यांनी एक निर्णायक गोष्ट दाखवली होती. काजव्यांच्या अर्काचा विझलेला प्रकाश एटीपी ह्या द्रव्याच्या योगाने पुन्हा उमटतो. एटीपी हे प्रत्येक जिवंत पेशीतील ऊर्जेचे चलन होय. मॅकेलरॉय ह्यांना काजवे पुरविले ते बॉल्टिमोरच्या मुलांनी, शेकड्यास २५ सेंट ह्या दराने. ह्या शोधाचा अर्थ असा की, जेथे काजव्याचे द्रव्य उजळते तेथे जीवाची वस्ती आहे किंवा नुकतीच होती. आज अन्नप्रक्रियेच्या कारखान्यांत भांड्यांची स्वच्छता तपासण्यासाठी हीच परीक्षा केली जाते. तेथे प्रकाशाने काही दाखवावयाचे नसते. काही सांगावयाचे असते.

४

उमि-होतारुचे ल्युसिफेरिन स्फटिकरूपात मिळवण्याचे काम नागोया येथे ओसामु शिमोमुरा ह्यांनी १९५६ मध्ये साधले. त्यायोगे त्यांना प्रिन्स्टनचे निमंत्रण आले, आणि १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे ते एका जेलीफिशच्या प्रकाशाचा शोध घेऊ लागले. प्रचलित रीतीने काहीच हाती लागेना. शेवटी निरुपयोगी म्हणून पन्हाळीत ओतलेला अर्क तेथील समुद्राच्या पाण्याशी मिसळून झळाळला, आणि पाण्यातील कॅल्शियम हे त्याचे कारण ठरले. सुमारे १०,००० जेलीफिशांपासून जेमतेम ५ मिलिग्रॅम शुद्ध प्रथिन मिळाले. त्याचे नाव इक्वोरिन. १९६७ मध्ये हे प्रथिन स्नायूच्या एका तंतूत घालून, आकुंचनाच्या वेळी कॅल्शियम कसे वाढते व ओसरते हे त्याच्या प्रकाशावरून पाहण्यात आले. आजवर अनुमानाने जाणावयाची घटना ह्यामुळे डोळ्यांना दिसू लागली.

इक्वोरिनबरोबर एक हिरवे प्रथिनही आढळले होते. ते स्वतः प्रकाश उत्पन्न करीत नाही; निळा प्रकाश घेऊन हिरवा देते, म्हणजे प्रतिदीप्त आहे. त्याचे जनुक डग्लस प्रॅशर ह्यांनी १९९२ मध्ये वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी ह्यांनी ते जीवाणूत आणि एका सूक्ष्म कृमीत घालून दाखवले. रॉजर चेन ह्यांनी त्यापासून नाना रंग सिद्ध केले. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी आणि चेन ह्यांना मिळाले. संशोधनासाठी अर्थसाहाय्य न मिळाल्याने प्रॅशर तोपर्यंत ह्या क्षेत्राबाहेर गेले होते आणि अलाबामा राज्यात मोटारविक्रीच्या एका पेढीवर वाहनचालकाची नोकरी करीत होते.

काजव्याचे ल्युसिफेरेजचे जनुकही १९८५ मध्ये हाती आले आणि पुढच्याच वर्षी तंबाखूच्या रोपात घालण्यात आले. ल्युसिफेरिनचे पाणी घातलेल्या त्या रोपाचे, त्याच्याच प्रकाशात घेतलेले छायाचित्र जगभर गाजले. सर्वसामान्यांस ते भावी रस्त्यावरचा दिवा वाटले. संशोधकांचा हेतू निराळा होता. कोणते जनुक केव्हा व कोठे कार्य करते, हे जाणण्यासाठी त्याच्या नियंत्रक भागास प्रकाशाचे जनुक जोडावयाचे आणि प्रकाश कोठे उमटतो ते पाहावयाचे. अशा जनुकास इंग्रजीत ‘रिपोर्टर’, म्हणजे वार्ताहर, असे नाव पडले. भाषाभ्यासकाने येथे थांबले पाहिजे. १८८७ चा प्रकाशवाहक शंभर वर्षांत वार्ताहर झाला. दीपाकडून इंगिताकडे झालेले स्थित्यंतर परिभाषेने स्वतःच नोंदवले आहे.

ह्या वार्ताहराची दोन-तीन कामे पाहणे उद्बोधक ठरेल. १९९३ मध्ये क्षयाच्या जंतूत विषाणूकरवी ल्युसिफेरेजचे जनुक पोहोचवण्याची रीत प्रसिद्ध झाली. औषध लागू पडले तर जंतू अंधारतात. न पडले तर उजळत राहतात. आठवडे घेणारा निर्णय त्यामुळे काही दिवसांत होऊ शकतो, हे दाखवता आले. पाण्यातील विषारीपणा पारखण्याच्या एका मान्य पद्धतीत समुद्री प्रकाशमान जीवाणू वापरतात, आणि तेथे प्रकाशाचे मंदावणे हीच वार्ता असते. तिसरे उदाहरण स्टॉकहोम येथे १९९६ च्या सुमारास सिद्ध झालेल्या डीएनए-वाचनाच्या रीतीचे. डीएनएच्या धाग्यात एकेक अक्षर जोडले जाताच काजव्याचे ल्युसिफेरेज उजळते. कोणते अक्षर घातले असता प्रकाश पडला, ह्यावरून मजकूर वाचावयाचा. २००५ पासून काही वर्षे ह्या तत्त्वावरील यंत्रे प्रचारात होती. पुढे स्वस्त रीतींपुढे ती मागे पडली. तथापि चे यिनची कथा येथे उलट्या अंगाने खरी झाली. त्याने काजव्यांचा उजेड अक्षरांवर पाडू पाहिला. येथे उजेडाचा प्रत्येक कण हेच अक्षर आहे.

५

कलेच्या क्षेत्रातही हाच भेद उपयोगी पडतो. एदुआर्दो काक ह्या कलावंताने २००० मध्ये ‘आल्बा’ नावाची हिरवी चमकणारी सशी कलाकृती म्हणून जाहीर केली, तेव्हा मोठा वाद झाला. ती फ्रान्समधील प्रयोगशाळेत जन्मली होती आणि तिच्यात जेलीफिशचे हिरवे प्रथिन होते. छायाचित्रात ती दिव्यासारखी पेटलेली दिसते. पण प्रतिदीप्तीचे लक्षण ध्यानात घेतले म्हणजे कळते की, निळा प्रकाश टाकल्यावाचून तिचा हिरवेपणा दिसणे शक्य नव्हते. वाद प्राण्याच्या हक्काचा, पालकत्वाचा आणि मनुष्याच्या अधिकाराचा होता, आणि तो रास्त होता. मात्र त्यात भाग घेणाऱ्या अनेकांची समजूत स्वयंप्रकाशी सशाची होती.

ह्याहून अधिक मर्मग्राही काम प्रकाशमान जीवाणूंनी चित्रे काढणाऱ्यांनी केले आहे. अमेरिकेतील हंटर कोल ह्या अनुवंशशास्त्र जाणणाऱ्या चित्रकर्तीने पोषक द्रव्याच्या तबकड्यांवर जीवाणूंनी रेखाटने केली. आरंभी रेषा तेजस्वी असते. अन्न संपत जाते तसतशी ती मंदावते आणि सुमारे दोन आठवड्यांत चित्र मावळते. रंगद्रव्याचे चित्र जीर्ण होते, हे मरते. येथे प्रकाश चित्राची शोभा वाढवण्यासाठी नाही. चित्र जिवंत आहे, एवढेच तो सांगतो, आणि ते सांगणे थांबले की कृती पूर्ण होते. पॅरिसच्या दालनातील जीवाणू तेच होते, पण तेथे त्यांचे मावळणे हा दोष होता. येथे तो आशय झाला.

दीपाचे स्वप्न मात्र अधूनमधून डोके वर काढते. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रकाशमान रोपटे करून देण्याच्या आश्वासनावर लोकांकडून सुमारे ४,८४,००० डॉलर जमले आणि २०१७ मध्ये तो उद्योग बंद पडला. त्यानंतर बुरशीतील प्रकाशाचा जनुकमार्ग उलगडला. २०२० मध्ये बाहेरून काही न घालता आपोआप उजळणारी तंबाखूची रोपे प्रसिद्ध झाली. आणि २०२४ मध्ये तशाच पेटुनियाची विक्री तेथे सुरू झाली. तिचा प्रकाश चांदण्याइतका मंद आहे, त्यात वाचता येत नाही. पण कोवळ्या कळ्या आणि वाढते शेंडे अधिक उजळतात. म्हणजे दिवा म्हणून विकत घेतलेले रोप घरी आल्यावर आपल्या वाढीची वार्ताच देत असते.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मनुष्याने जीवदीप्तीचा इंगित म्हणून उपयोग केला, ह्यात त्याने काही नवे घडवले काय? तसे दिसत नाही. काजव्याचा प्रकाश प्रथमपासून इंगितच आहे. अनेक जातींत उडणारा नर ठराविक तालात चमकतो आणि खाली बसलेली मादी ठराविक अंतराने उत्तर देते; त्या अंतरावरून नर आपली जात ओळखतो. अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ जेम्स लॉइड ह्यांनी १९६५ मध्ये दाखवले की, फोट्युरिस नामक काजव्यांच्या माद्या परजातीच्या मादीचे उत्तर हुबेहूब देतात आणि फसून जवळ आलेल्या नरास खातात. ज्या व्यवहारात खोटे बोलता येते, तेथे चिन्हव्यवस्था आहे, हे भाषाभ्यासकास वेगळे सांगावयास नको. प्रकाशमान समुद्री जीवाणूंचेही तसेच आहे. ते एकाकी असताना उजळत नाहीत. परस्परांनी सोडलेल्या रासायनिक द्रव्यावरून संख्या पुरेशी झाल्याचे कळले की मगच उजळतात, हे १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे विज्ञानाने जीवदीप्तीचा उपयोग शोधला तो तिच्या स्वभावाच्या दिशेने चालू लागल्यावर.

ह्या निष्कर्षाचा आपल्याकडील व्यवहाराशी निकटचा संबंध आहे. मृगाच्या आधी, मे महिन्याच्या अखेरीपासून, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची ह्या सह्याद्रीच्या भागांत झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात आणि ती पाहण्यास अलीकडे हजारो लोक जातात. मोटारींचे झोत आणि विजेऱ्या ह्यांविषयी अभ्यासकांनी वारंवार इशारे दिले आहेत. काजवा हा लहानसा दिवा असता, तर शेजारी मोठा दिवा लावल्याने फार तर त्याची शोभा उणावली असती. परंतु तो बोलत असेल, तर आपला झोत हा त्याच्या बोलण्यावर घातलेला गोंगाट होतो, आणि ज्या मादीचे उत्तर ऐकू गेले नाही तिची पुढची पिढीच होत नाही. ‘सूर्यापुढे काजवा’ ही म्हण मनात ठेवून गेलेल्या प्रेक्षकास विजेरी विझवण्याचे कारण सुचणार नाही.

म्हणून दोन सूचना करून हा लेख संपवतो. ‘रिपोर्टर’ जनुकास मराठीत ‘वार्ताहर जनुक’ म्हणता येईल. परंतु त्यात वर्तमानपत्राचा वास येतो. ‘इंगित-जनुक’ हा शब्द अधिक नेमका आहे, आणि ज्योतिरिंगणाशी त्याचे धातूने जुळलेले नातेही आहे. परिभाषा ठरविणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. दुसरे असे की, सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवरील बोलींत काजवा, त्याची अळी आणि पावसाळी रानात रात्री उजळणारे कुजके लाकूड ह्यांना कोणते शब्द आहेत, त्याच्या चमकण्याला कोणती क्रियापदे लावतात, ह्याची पद्धतशीर नोंद व्हावयास हवी. काजवा तेथे जळतो, लुकलुकतो की बोलावतो? ही क्रियापदे ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे आज वृद्ध आहेत. विभागाच्या विद्यार्थ्यांनी येत्या मृगापूर्वीच हे काम हाती घ्यावे.